तहसीलची सुनावणी: रेकॉर्ड रूमला चार गुण, रोजनाम्याला दीड

मराठवाड्यात शेताचा वाद पेटला की माणूस आधी तहसीलची पायरी चढतो. भावानं फेरफारावर आक्षेप टाकला, शेजाऱ्यानं काट्या टाकून रस्ता अडवला, वडिलांच्या मृत्युपत्रावर बहिणींनी हरकत घेतली, की पहिली तारीख पडते ती मंडळ अधिकाऱ्यांसमोर नाहीतर तहसीलदारांसमोर. ही एक सरकारी सेवा आहे असं धरून तिला पाचपैकी गुण द्यायचे, तर कसोटी पुराव्याची लावायला हवी. आपण नेलेला कागद मिसलीत, म्हणजे प्रकरणाच्या फाइलीत, लागतो का? साक्षीदार जे बोलला ते लिहून घेतलं जातं का? समोरच्याच्या कागदावर बोलायला मिळतं का? बाकडी, पंखे आणि पुकारा करणाऱ्याचा आवाज यांचे गुण इथे धरलेले नाहीत.

एकूण गुण अडीच. जुना कागद सांभाळण्यात ही व्यवस्था बरी आहे, समोर घडलेलं लिहून घेण्यात, म्हणजे सुनावणीच्या रोजनाम्यात, कच्ची. अपिलात उपविभागीय अधिकारी वाचतात ते फक्त मिसलीतलं, त्यामुळे हा कच्चेपणा पक्षकाराला महागात पडतो.

पुरावा कायदा इथे लागतो का?

तहसीलच्या आवारात हमखास ऐकू येणारं वाक्य: 'इथं पुरावा कायदा लागत नाही, साहेब बघून घेतात.' यातलं पहिलं अर्ध काही प्रमाणात खरं, दुसरं अर्ध धोक्याचं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये चौकशीची पद्धत लिहून ठेवलेली आहे. रीतसर चौकशी असेल तर कलम २३४ प्रमाणे जबाब पूर्ण, मराठीत, अधिकाऱ्याच्या समोर आणि देखरेखीखाली लिहायचा आणि त्यावर अधिकाऱ्याची सही हवी. संक्षिप्त चौकशी असेल तर कलम २३६ प्रमाणे दोन्ही बाजूंचं महत्त्वाचं म्हणणं, पुराव्यातला महत्त्वाचा भाग, निर्णय आणि त्याची कारणं अधिकाऱ्यानं नोंदवायची. कलम २३७ मुळे या दोन्ही चौकशा न्यायिक कार्यवाही ठरतात, म्हणजे तहसीलदारांसमोर खोटा जबाब देणं हा गुन्हा आहे. सुनावणी उघड्यावर, सगळ्यांसमोर घ्यायची हेही त्याच कलमात आहे. साक्षीदाराला किंवा कागद ताब्यात असणाऱ्याला बोलावून घ्यायचा अधिकार कलम २२७ मध्ये आहे. हा अधिकार वापरा असा लेखी अर्ज मात्र क्वचित कोणी देतं.

पुराव्याचे कडक नियम प्रशासकीय चौकशीला जसेच्या तसे लागत नाहीत हे सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्येच टी. आर. वर्मा प्रकरणात सांगितलं. त्याच निकालाची दुसरी बाजू आवारात कोणी सांगत नाही: पक्षकाराला आपला पुरावा देता आला पाहिजे, समोरच्याचा पुरावा त्याच्या देखत घेतला गेला पाहिजे, त्या साक्षीदाराला प्रश्न विचारता आले पाहिजेत आणि न दाखवलेल्या कागदावर निर्णय होता कामा नये. १९७७ च्या रतन सिंग प्रकरणात बस कंडक्टरविरुद्धच्या चौकशीत प्रवाशांचे जबाब नव्हते, तपासणी पथकाच्या माणसाची साक्ष होती. तेवढ्यावर शिक्षा टिकली, कारण ऐकीव माहितीसुद्धा विषयाशी जोडलेली आणि विश्वास ठेवण्याजोगी असेल तर प्रशासकीय चौकशीत चालते. हे दोन्ही निकाल सरकारी आणि महामंडळाच्या नोकरांच्या चौकशीचे आहेत, पण महसुली प्रकरणांतही त्यांचाच आधार घेतला जातो. थोडक्यात, दार मोठं उघडं आहे. आत आलेल्या कागदाचं वजन किती, हा वेगळा प्रश्न.

दोन गोष्टींना मात्र ढिलाई नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे कमी मुद्रांकाचा दस्त पुरावा घेण्याचा अधिकार असलेल्या कोणत्याही व्यक्तीसमोर चालत नाही, त्यात तहसीलदारही आले. आणि ज्या दस्ताची नोंदणी सक्तीची आहे तो बिननोंदणीचा असेल, तर त्यानं जमिनीतला हक्क सरकत नाही.

रेकॉर्ड रूम

इथे चार गुण देताना हात आखडत नाही. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ ला मुंबई राज्यात आला, त्यामुळे इथल्या जमिनीच्या कागदांची वंशावळ पुणे-नाशिककडच्यापेक्षा वेगळी निघते. १३१७ फसलीचा (फसली हे निजामाचं महसुली साल) हैदराबाद जमीन महसूल कायदा, १९५० चा हैदराबाद कुळकायदा, इनामाचे मुंतखब (इनाम मान्य झाल्याचे निजामी दाखले), संरक्षित कुळांच्या याद्या, हे सगळं अजून कापडी बस्त्यांत बांधलेलं असतं आणि नीट मागितलं तर मिळतं.

नीट मागणं म्हणजे काय? 'सदर जमिनीचे सर्व जुने उतारे मिळावेत' असा अर्ज पडून राहतो, कारण बस्ता काढणाऱ्याला कोणता बस्ता ते कळत नाही. अर्जात गाव, त्या काळचा तालुका, सर्व्हे नंबर, कागदाचं नाव आणि वर्ष हवं. पहिला मागायचा कागद म्हणजे खासरा पत्रक १९५४-५५. त्यानंतरची पाहणी पत्रकं, मग हस्तलिखित सातबारे, आणि प्रत्येक बदलाचा फेरफार. ही साखळी मध्ये तुटली की समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो.

यात दोन ठिकाणी हमखास अडतं. पहिलं, नंबर. आज हातात आहे तो गट नंबर, जुना कागद आहे सर्व्हे नंबरचा. दोघांना जोडणारा कागद एकत्रीकरणाच्या रेकॉर्डमध्ये असतो आणि तो भूमी अभिलेख कार्यालयातून घ्यावा लागतो. तो न लावता नुसतं खासरा पत्रक दिलं, तर 'हा कागद वादातल्या जमिनीचाच आहे हे दिसून येत नाही' एवढ्या एका ओळीत तो बाजूला पडतो. दुसरं, जिल्हा. जालना १९८१ ला, लातूर १९८२ ला आणि हिंगोली १९९९ ला वेगळा झाला. परतूर आधी परभणीत होतं. म्हणून लातूरच्या माणसाला धाराशिवचं आणि हिंगोलीच्या माणसाला परभणीचं रेकॉर्ड तपासावं लागणं यात नवल नाही. 'आमच्याकडे नाही' हे तोंडी उत्तर घेऊन परतू नये. 'अभिलेख उपलब्ध नाही' किंवा 'जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही' असा लेखी शेरा घ्यावा. मूळ कागद मिळत नाही हे दाखवल्याशिवाय दुय्यम पुरावा पुढे करता येत नाही, आणि ते दाखवायला हा शेराच लागतो.

नक्कल हातात आली की आधी ती उलटी करून पाहायची. मागे तीन तारखा असतात: अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. तयार करणाऱ्याची आणि रुजुवात घेणाऱ्याची सही असते, कार्यालयाचा शिक्का असतो. निकालाच्या नकलेवर यातली एखादी तारीख कोरी राहिली तर अपिलाच्या मुदतीचा हिशोब बसत नाही. तहसीलदारांच्या निकालावर अपिलाला ६० दिवस आहेत आणि नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात, पण ते किती हे नकलेच्या पाठीवरूनच ठरतं. शिक्का अर्धवट उमटला असेल तर खिडकीवरून हलण्याआधीच दुसरा मारून घ्यावा.

माहिती अधिकारात घेतलेली प्रत माहितीसाठी उत्तम. पण सुनावणीत तिच्यावर हरकत निघते आणि एक तारीख वाया जाते. दहा-पंधरा दिवस हाताशी असतील तर रीतसर नक्कलच घ्यावी.

उर्दूचं भाषांतर

इनामाच्या किंवा कुळाच्या प्रकरणात निकाल बदलू शकणारी चूक बहुतेक वेळा इथेच होते. निजामाच्या दफ्तराची भाषा उर्दू, अक्षर घसटी, आकडे कधी 'रकमेत', म्हणजे जुन्या हिशोबी अंकलिपीत. भाषांतर करणारा उर्दू जाणतो पण महसूल जाणत नाही, आणि मग शब्द फसवतात. 'पट्टेदार' हा शब्द वाचून तो 'भाडेपट्टेदार' लिहितो. हैदराबादच्या महसूल कायद्यात पट्टेदार म्हणजे सरकारला थेट जमीन महसूल देणारा, आजच्या भाषेत खातेदार. मालकाचा भाडेकरू झाला की प्रकरण तिथेच उलटलं. तसाच 'शिकमीदार' आणि 'आसामी शिकमी' यांचा घोळ. शिकमीदार हा पट्टेदाराच्या बरोबरीनं जमिनीत हक्क असलेला. आसामी शिकमी हा पट्टेदाराकडून किंवा शिकमीदाराकडून जमीन कसायला घेतलेला. दोघांनाही 'पोटकुळ' लिहून टाकलेली भाषांतरं मिसलीत लागलेली असतात आणि वर्षानुवर्षं कोणी ती उघडून पाहत नाही.

तारखांचंही तसंच. हैदराबादचं फसली वर्ष आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात सुरू व्हायचं, त्यामुळे एक फसली साल इसवी सनाच्या दोन वर्षांत विभागतं. फसलीत ५९० मिळवले की सुरुवातीचं इसवी साल मिळतं. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. भाषांतरात 'सन १९४८' एवढंच लिहिलं तर कागद सप्टेंबर १९४८ मधल्या, निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस कारवाईच्या आधीचा की नंतरचा, हा मुद्दाच हरवतो. म्हणून भाषांतरात फसली साल आणि महिना जसाच्या तसा ठेवून बाजूला इसवी साल लिहून घ्यावं. मूळ शब्दही कंसात देवनागरीत ठेवायला सांगावं. मूळ उर्दू नक्कल, तिच्या मागे भाषांतर, भाषांतरकाराची सही आणि प्रतिज्ञापत्र, या क्रमानं जोडलं तर हरकत सहसा निघत नाही. गुण द्यायचे तर दोन, आणि तेही माणूस बघून.

ऑनलाइन उतारे

महाभूमीवरचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, खालच्या पडताळणी क्रमांकावरून कोणीही तो तपासू शकतं. आजची स्थिती दाखवायला एवढं पुरतं. वाद जुना असेल तर पुरत नाही. संगणकीकरणात आलेल्या चुका, गळालेलं एखादं नाव, इतर हक्कातला सुटलेला बोजा हे सगळं ऑनलाइन उताऱ्यावर अगदी नीटनेटकं छापून येतं. तेव्हा हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल शेजारी ठेवूनच चूक दाखवावी लागते. ती निव्वळ लेखनाची चूक असेल तर कलम १५५ खाली दुरुस्ती होते. हक्काचा वाद असेल तर १५५ चा अर्ज फेटाळला जातो आणि तसं व्हायलाच हवं.

प्रमाणित झालेल्या नोंदीला कलम १५७ चं कवच आहे: उलट सिद्ध होईपर्यंत ती बरोबर धरायची. आक्षेप पडून तक्रारी नोंदवहीत, म्हणजे सहा-अ मध्ये गेलेल्या नोंदीला ते कवच नाही. आणि कवच असलं तरी ते महसुलापुरतं, मालकी ठरवायला दिवाणी कोर्टच. सुनावणीला येणाऱ्या निम्म्या लोकांना हे शेवटच्या तारखेला कळतं.

तारखेचा दिवस

रोजनाम्याला दीड गुण का, ते इथे. कायद्याला हवी ती नोंद आणि प्रत्यक्ष होणारी नोंद यांत मोठं अंतर पडतं. 'उभय पक्ष हजर. म्हणणे ऐकले. पुढील तारीख.' दोन तास चाललेल्या सुनावणीचा रोजनामा एवढाच. कोणता कागद दाखल झाला, त्यावर कोणी हरकत घेतली, कोणत्या साक्षीदाराला प्रश्न विचारू दिले नाहीत, यातलं काही नाही. दिवाणी कोर्टात दाखल कागदावर निशाणी पडते. तहसीलमध्ये ती सहसा पडत नाही, मग मिसल वरच्या कार्यालयात गेल्यावर कागद होता की नव्हता यावरच वाद.

याला उपाय पक्षकाराच्या हातात आहे आणि तो स्वस्तात होतो. प्रत्येक कागद यादीसह द्यायचा. यादीत अनुक्रम, कागदाचं नाव, तारीख, पानं आणि 'मूळ / प्रमाणित नक्कल / झेरॉक्स' हा रकाना. सगळ्या पानांना सलग आकडे. तीन संच: एक मिसलीला, एक समोरच्याला, एक आपला. आपल्या यादीवर पोच म्हणून आवक क्रमांक, तारीख आणि सही. समोरच्यानं कागद दिला आणि प्रत दिली नाही, तर त्याच दिवशी दोन ओळींचा अर्ज: प्रत मिळावी, म्हणणं मांडायला मुदत मिळावी. साक्षीदाराच्या प्रतिज्ञापत्रावर शंका असेल तर उलटतपासणीची परवानगी लेखी मागायची. तोंडी मागितलेलं आणि नाकारलेलं अपिलात कोणाला दिसत नाही. लेखी अर्जावर 'नामंजूर' लिहिलं तरी तो अपिलातला मुद्दा होतो, आणि काहीच लिहिलं नाही तर मुद्दा आणखी पक्का.

गैरहजेरीत निकाल झाला तर कलम २३२ खाली तो रद्द करायचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो, सबळ कारणासह. नोटीस बजावलीच नाही असं म्हणायचं असेल तर बजावणीचा अहवाल मिसलीतून काढून पाहावा. 'घरी नसल्याने दारावर चिकटवली' असा शेरा आणि खाली पंचांच्या सह्या असतात. पंच गावातलेच आहेत का, नोटिशीवरचं गाव तेच आहे का, एवढं तपासलं तरी पुष्कळ गोष्टी उघड होतात.

कोणता कागद कुठे फसतो

खरेदीखताऐवजी सूची क्रमांक दोन जोडणं ही सर्रास चूक. सूचीत नावं, क्षेत्र आणि रक्कम येते, अटी आणि चतुःसीमा पूर्ण येत नाहीत. रस्त्याच्या किंवा विहिरीच्या हिश्श्याच्या वादात तर सगळं भांडण त्या न आलेल्या मजकुराचं असतं. दुय्यम निबंधकाकडून पूर्ण दस्ताची प्रमाणित नक्कल घ्यावी.

इसार पावती आणि नोटरी केलेलं साठेखत हे फेरफाराला आधार नाहीत. नोटरीचा लाल शिक्का कितीही मोठा असला तरी त्यानं दस्ताची नोंदणी होत नाही.

वाटणीपत्राचं जरा बारकाईनं पाहावं लागतं. बाँडवर 'आजरोजी आम्ही खालीलप्रमाणे वाटणी करत आहोत' असं लिहिलं असेल तर त्या कागदानंच वाटणी होते, म्हणून नोंदणी हवी. 'पूर्वी तोंडी वाटणी झाली, त्याप्रमाणे वहिवाट आहे, ती आठवणीसाठी लिहून ठेवत आहोत' असं असेल तर ते टिपण. सर्वोच्च न्यायालयानं १९७६ च्या काले प्रकरणात अशा टिपणाला नोंदणीची सक्ती नाही असं ठरवलं. एका क्रियापदाचा काळ इथे एकरांचा फरक पाडतो. पण 'पूर्वी झाली' असं लिहून भागत नाही. वेगळा आकार (शेतसारा) भरल्याच्या पावत्या, वेगळं पीककर्ज, वेगवेगळी वीजजोडणी यांपैकी काहीतरी सोबत लागतं, नाहीतर तारीख मागे ढकलल्याचा संशय येतो.

मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदारांची आहे. त्यातला निदान एक जिवंत साक्षीदार हजर करावा लागतो. तो नसताना नुसत्या कागदावर नोंद घेतली की आक्षेप येतो, आणि मृत्युपत्राच्या खरेपणाचा वाद उभा राहिला की तो तहसीलच्या हातात उरतच नाही. दिवाणी कोर्टात जा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्येही बजावलं आहे.

आणि जुन्या कागदाबद्दलचा एक लाडका गैरसमज. तीस वर्षांपूर्वीचा दस्त खरा धरला जातो हे बरोबर, आता ते भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ९२ मध्ये आहे. पण तो योग्य ताब्यातून आलेल्या मूळ दस्तासाठी. नकलेच्या झेरॉक्सला पिवळेपणा आला म्हणून हा फायदा मिळत नाही.

स्थळपाहणी

रस्त्याचे वाद जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली किंवा मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली येतात. दोन्हींचा पुरावा वेगळा. १४३ मध्ये नवा रस्ता मागायचा असतो, तेव्हा पर्यायी वाट आहे का, बांधावरून किती नुकसान होईल, हे दाखवायचं. कलम ५ मध्ये असलेली वहिवाट अडवली म्हणायचं असतं, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांत यावं लागतं. म्हणजे अडवणुकीची तारीख हाच पुरावा. 'मागील काही दिवसांपासून' असं लिहिलेला अर्ज इथेच लंगडा होतो.

पंचनाम्याची प्रत मागून वाचावी. पाहणीची वेळ, कोण हजर होतं, कोणाला नोटीस होती, रस्त्याची रुंदी कशानं मोजली, बैलगाडीच्या चाकोऱ्या दिसल्या की नाही, बांधावरची झाडं, दगड, जुनी कवाडी, हे लिहिलेलं असेल तर पंचनामा कामाचा. 'प्रत्यक्ष पाहणी केली असता रस्ता असल्याचे दिसून आले' एवढंच असेल तर तो कार्यालयात बसून लिहिला असा आरोप होणार आणि तो खोडायला काही हाती नसणार. जूनच्या पेरणीनंतरच्या पाहणीत नांगरलेली वाट दिसत नाही, म्हणून उन्हाळ्यातली पाहणी लेखी मागून घ्यावी. नकाशाचा प्रश्न असेल तर भूमी अभिलेखच्या मोजणीची क-प्रतच (अधिकृत मोजणी नकाशा) चालते, तलाठ्याचा हातनकाशा नाही.

मोबाइलमधले फोटो

तहसीलमध्ये फोटोची प्रिंट कोणी परत करत नाही. पण वर गेल्यावर तिचं काय होतं, याचा देशभर आधार घेतला जाणारा निकाल आपल्याच जालन्यातून निघाला. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतले की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं. त्या व्हिडिओच्या प्रतीला पुरावा कायद्यानं लागणारं प्रमाणपत्र मिळत नव्हतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यकच, असं ठरवलं. ज्यानं ते मिळवायला सगळे प्रयत्न केले आणि तरी मिळालं नाही, त्याला मात्र सूट दिली.

१ जुलै २०२४ पासून ही तरतूद नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे आणि प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत: 'अ' भाग फोटो काढणाऱ्यानं किंवा सादर करणाऱ्यानं भरायचा, 'ब' भाग तज्ज्ञानं. फोनची कंपनी, मॉडेल, आयएमईआय आणि फाइलची हॅश किंमत (फाइलवरून निघणारा, फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा) लिहावी लागते. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दाबला जाऊन लहान होतो, त्याची हॅश मूळ फोटोशी जुळत नाही. म्हणून मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवावी, पेनड्राइव्हवर उतरवावी आणि मग प्रिंट काढावी. तहसीलदार हे प्रमाणपत्र मागणार नाहीत. तरी पहिल्याच तारखेला लावून टाकावं, अपिलात नवा कागद घुसवायला फार कष्ट पडतात.

तुलनेसाठी जात पडताळणी समिती

त्याच प्रकारची निमन्यायिक सुनावणी, पण पुराव्याच्या बाजूनं जास्त शिस्तीची. साडेतीन गुण. सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे हे कायद्यातच लिहिलेलं आहे, आणि दक्षता पथकाचा अहवाल विरुद्ध गेला तर त्याची प्रत देऊन म्हणणं ऐकावं लागतं. हा नियम १९९४ च्या माधुरी पाटील निकालापासूनचा. मानीव दिनांकही, म्हणजे ज्या तारखेच्या आधीचा पुरावा महत्त्वाचा धरतात त्या तारखाही, ठरलेले: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. फसतं ते शाळेच्या प्रवेश निर्गम उताऱ्यावर. उतारा स्वच्छ असतो, पण पथक मूळ रजिस्टर उघडतं आणि जातीच्या रकान्यात वेगळी शाई, वेगळं अक्षर निघतं. अर्ज करण्याआधी मुख्याध्यापकांकडे जाऊन मूळ पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. तहसीलच्या सुनावणीत तलाठ्याचा विरुद्ध अहवाल पक्षकाराला असा आपणहून मिळाला, तर ही सेवा निम्मी सुधारेल.

निकाल

तक्रारी फेरफार शक्यतो एका वर्षात निकाली काढावा, असं जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५० म्हणतं. 'शक्यतो' या शब्दावर बरंच काही चालतं. त्याहून नडते ती बदली. एका तहसीलदारांनी ऐकलं, दुसऱ्यांनी निकाल दिला, असं झालं तर जो ऐकतो त्यानंच ठरवावं हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९५८ च्या गुल्लापल्ली निकालातलं तत्त्व मोडतं. पण नवे अधिकारी आल्यावर 'पुन्हा युक्तिवाद ऐकावा' असा अर्ज दिलेला नसेल, तर ही तक्रार अपिलात नरम पडते.

लेखी युक्तिवाद द्यावा, तीन-चार पानांचा, प्रत्येक मुद्द्यापुढे यादीतला कागद आणि पान क्रमांक लिहून. निकालात त्याला उत्तर नसेल तर कारणं दिली नाहीत हा मुद्दा आयता मिळतो. आणि शेवटच्या तारखेला उठण्याआधी पेशकाराकडून (सुनावणीच्या कारकुनाकडून) रोजनामा मागून तो वाचावा. 'प्रकरण निकालासाठी बंद' ही ओळ आहे का, तिच्याखाली तारीख आहे का, आपला युक्तिवाद दाखल झाल्याची नोंद आहे का. नसेल तर सही करण्याआधी तिथेच लिहून घ्यावं, दुसऱ्या दिवशी तेच पान कपाटात गेलेलं असतं.